फर्जानीचं शीड

२१ ऑगस्ट, सोमवार

उंदरांनी शीड खाल्लं!

अंजिरं वाळवायच्या चटया काढायला मागच्या कोठीत गेले, तर कोपऱ्यात नुसता भुसा. वर बघितलं तर खुंटीवरून शिडाची घडी लोंबतेय आणि तिला ही एवढाली भोकं पडलेली. एक टोक ओढलं तर हातात चिंध्या आल्या. फर्जानीला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ते तिथंच टांगून होतं. दोन हिवाळे गेले, कुणी हात लावला नाही. मीही नाही. मला ते बघवत नव्हतं, हे खरं कारण.

सांगावं की लपवावं? चहा देताना त्याला सांगून टाकलं. म्हणाला, "बरं झालं. कुणाच्या तरी पोटात गेलं." आणि चहात साखर कमी आहे म्हणाला.

२२ ऑगस्ट

आज लझर आला होता, फर्जानीचा चुलतभाऊ. दारातच कळलं कशाला आलाय ते, कारण हातात मिठाईचा डबा होता. लझर उगाच मिठाई आणत नाही.

"भाऊ, तुझा पाण्यातला वाटा दोन वर्षं ओसाड पडलाय. यंदा झावळ्यांचं कुंपण मी रोवतो, रोजचे पिंजरे मी उपसतो, होडीही वापरात राहील. तुम्हाला घरबसल्या हिस्सा."

ओसाड म्हणे! फर्जानीच्या आजोबांपासूनचा वाटा आहे तो. लोकांची शेतं जमिनीवर, आमचं पाण्यात, एवढाच काय तो फरक. मासा कुंपणाच्या कडेकडेनं जाऊन आपल्या पायानं पिंजऱ्यात शिरतो, आणि मालकानं रोज होडी घेऊन जाऊन तो काढायचा. मालकानं!

फर्जानी म्हणाला, "ने." इतकंच. जशी काही कुणी फुटकी बादली मागितली.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नाही!"

"मग रोज जाणार कोण, वहिनी?"

"आम्ही. सुकाणू तो धरेल, त्याचा डावा हात धड आहे. शीड मी बघेन."

लझरनं फर्जानीकडे बघितलं, फर्जानीनं माझ्याकडे. आणि दोघंही हसले. "बाई, शीड शेवटचं कधी धरलंस तू?" फर्जानी म्हणाला. लग्नाआधी, बाबांच्या होडीत, असं मी सांगितलं तर पुन्हा हसले. हसू देत! किती दिवसांनी हसला तो. लझर म्हणाला, कुंपण मी रोवून ठेवतो, पिंजऱ्यांचं काय ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सांगा. तेवढी मुदत मिळाली.

२३ ऑगस्ट

स्फाक्स शहरातून लेकीचा, रफीकाचा फोन. "आई, इंजिन लावा ना! जग कुठं चाललंय आणि तुम्ही शीड शोधताय."

हिला कोण सांगणार? आमच्याकडे पाणी गुडघाभर, खाली गवत. पंख्याला गवत गुंडाळलं की बसा उपटत. आणि इंजिनाची दोरी हिसकायला जो दंड लागतो तो ना माझा, ना आता त्याचा. फोन फर्जानीच्या कानाला लावला, तर म्हणाला, "मिक्सर घेऊन मी मासे धरायला जाणार नाही." मुलीशी बोलताना चारपेक्षा जास्त शब्द! फोन परत घेतला तर रफीका रडत होती.

२६ ऑगस्ट

तो झोपलाय तेवढ्यात लिहिते. खरं लिहू? मासे, हिस्सा, आजोबांचा वाटा, सगळं ठीकच आहे. पण मला तो होडीत बसलेला हवाय. बस्स.

पहिल्यांदा बघितला तो होडीतच. बाबांच्या होडीला जवळजवळ घासून गेला. बाबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि हा उभ्यानं सुकाणू पायात धरून हसत होता. त्या हसण्याशी मी लग्न केलं. पुढं घरात काही ते फारसं दिसलं नाही. वाईट माणूस नव्हे, हात उचलला नाही कधी, पण हसू समुद्रावर ठेवून घरी यायचा. आणि मी किनाऱ्यावर कपडे वाळत घालताना शीड ओळखायची. शीड ओळखू यायचं, चेहरा कुठला दिसायला!

आता तो दिवसभर अंगणात असतो, माझ्यापासून चार हातांवर. आणि मला त्याची इतकी आठवण येते. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

२९ ऑगस्ट

तिजानीकाकांकडे जाऊन आले. बेटावर हातानं शीड शिवणारे आता तेच. तळहाताला चामड्याचा पट्टा, मांडीवर कापड, तोंडात दोरा. दोरा न काढता बोलतात.

"कापड कुठलं देऊ? मांजरपाट की पॉलिस्टर?"

"दोन्हींत काय फरक, काका?"

"मांजरपाट म्हणजे जुनी बायको. उशिरा फुगते, पण तुझ्या चुका पोटात घालते. पॉलिस्टर म्हणजे नवी सून. हलकी, चटपटीत. आणि जरा चुकलीस की फडफड फडफड, सगळ्या गावाला ऐकू जाईल."

मी म्हटलं, जुनी बायको भिजली की किती जड होते तेही मी बघितलंय. मला ती वर चढवता आली पाहिजे. नवी सूनच द्या.

मग शिडाला पोट किती ठेवू म्हणून विचारलं. पोट जास्त ठेवलं तर मंद वाऱ्यातही होडी पळते, पण वारा वाढला की आवरत नाही. मी म्हटलं, सपाट ठेवा, आम्हा दोघांना कुठं शर्यत लावायचीये! मग, "लांबीला किती वाव?" याचं उत्तर मी घरून तयार करून गेले होते. उंदरांनी ठेवलंय ते शीड अंगणात पसरून, दोन्ही हात ताणून ताणून मोजलं होतं. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, अशा पाच भरल्या. आता मला सावरायचं तर एक कमी. म्हणून म्हटलं, "चार."

"चार," काका म्हणाले. "फर्जानीच्या होडीला चार. बरोबर."

हुशारी केली असं वाटलं मला.

२ सप्टेंबर

पॉलिस्टर ऐकून फर्जानी म्हणाला, "म्हणजे बाजाराची पिशवी लावून जायचं?"

बोलला तर खरा. म्हणजे मनात शीड घोळतंय!

पुन्हा तिजानीकाकांकडे गेले. मांजरपाटच द्या, पण पातळातलं द्या म्हटलं. फर्जानीनं पिशवी म्हटलं म्हणून नव्हे. चुका मी करणार आहे, त्या पोटात घालणारं कुणी तरी हवं. काका म्हणाले, "सुनेला इतक्यात माहेरी पाठवलीस?"

८ सप्टेंबर

ओहोटीला होडी चिखलात बसते. तशा बसलेल्या होडीत आज मी पलंगावरची चादर बांधून सराव केला! दोर ओढ, सैल सोड, पुन्हा ओढ. बायका ऑक्टोपस धरायचे मातीचे लोटे धूत होत्या, त्या हातातलं टाकून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "हदिया, सिसिलीला पोचलीस की आमच्यासाठी काय आणशील?"

फर्जानीला मी किनाऱ्यावर खुर्ची टाकून दिली होती. तिथून बघत होता. मग न राहवून, "अगं, ती गाठ आहे की वेणी?"

माझ्याकडून ती गाठ त्यानं दहा वेळा सोडवून घेतली. डाव्या हातानं हवेत दाखवत होता. किती छान गेला दिवस.

१६ सप्टेंबर

शीड आलं आणि घोटाळा झाला!

तिजानीकाकांनी अंगणात पसरायला घेतलं. पसरतायत, पसरतायत, शीड काही संपेना. पुदिन्याच्या वाफ्यावरून गेलं, कोंबड्यांच्या खुराड्यावर चढलं. मी म्हटलं, "काका, मी चार सांगितलेली!"

"चारच आहे."

"ही चार?"

मग उलगडा झाला. काकांच्या भिंतीला खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला एक दोरी. एकेका तांडेलाची दोरी, त्यानं हात पसरले तेव्हा कापलेली. शीड ज्याचं, वाव त्याची. मी चार म्हटलं आणि त्यांनी फर्जानीच्या खुंटीवरची दोरी काढली. फर्जानीचे हात म्हणजे काय विचारता! दारातून आत यायचा तर चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. माझ्या पाच तिथं त्याच्या चार. म्हणजे उंदरांनी खाल्लं अगदी तेवढंच शीड पुन्हा शिवून आलं!

"आपल्या हातानं मोजलंस?" काका कपाळाला हात लावून म्हणाले. "अगं पोरी, मग तसं सांगायचंस तरी. चाळीस वर्षांत बाईमाणसाची वाव मला कुणी सांगितली नाही." आणि लगेच कात्री काढली. "आत्ता छाटून देतो."

पण फर्जानी खुर्चीतून वाकला होता. धड हातानं शिवण चाचपत होता, या टोकाकडून त्या टोकाकडे. "माझंच आहे हे," म्हणाला. कापड नाकाला लावलं. "माझंच आहे गं."

"राहू द्या," मी म्हटलं. मीच म्हटलं. इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला दोष द्यायला नको.

२४ सप्टेंबर

वारा उत्तरेकडून, हलका. उद्या जायचं. त्यानं दाढी करून घेतली! गालावर साबण असताना म्हणाला, "बघ हं, कापशील." मी कापलं नाही.

२५ सप्टेंबर

काय लिहू.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. लझरनं आणि शेजारच्यानं फर्जानीला उचलून मागच्या फळीवर बसवलं. मी परबाण वर चढवली. त्या काठीला शीड बांधलेलं, सगळं मिळून इतकं जड, हाताची सालं गेली. पण चढवली! शीड भरलं. होडी निघाली. खालून गवत सरकायला लागलं, पाणी हिरव्याचं निळं झालं. फर्जानी सुकाणू धरून बसलेला. आणि वर शिडाकडे बघत तो हसला.

तेच हसू. बाबांनी शिव्या घातल्या त्या दिवशीचं.

मी बघत राहिले. मला दुसरं काही दिसेनाच. "दोर!" तो ओरडला. "दोर सोड! हदिया, दोर!" तोवर वाऱ्याचा झोत आला होता. एवढं मोठं शीड, ते गच्च भरलं आणि होडी एका अंगावर कलली. दोर माझ्या मनगटाला वेढा घालून बसलेला. दुसऱ्या अंगाला वजन टाकायला हवं होतं. धडधाकट माणूस टुणकन सरकला असता. तो कसा सरकणार? तो फळीवरून घसरत आला, एका हातानं काहीतरी धरायला बघत, आणि मग आम्ही दोघंही पाण्यात.

पाणी कमरेएवढं! बुडालो नाही, तेवढं पाणीच नव्हतं. चिखलात बसले होते आणि त्याला मागून काखेत धरून ठेवलं होतं, रफीकाला न्हाऊ घालताना धरायची तसं. त्याच्या पापण्यांवर चिखल. मी तो पुसला तर त्यानं मान फिरवली.

लझर इंजिनाची होडी घेऊन आला आणि आम्हाला ओढून घेऊन गेला. तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. "वहिनी, आता पुरे," एवढंच म्हणाला.

२६ सप्टेंबर

बोलत नाही.

२९ सप्टेंबर

अजून नाही. जवाचं कुसकुस केलं, वाळवलेला ऑक्टोपस घालून, त्याला आवडतं तसं तिखट. जेवला. भांडं माझ्या हातात दिलं. नजर मात्र देत नाही.

शीड धुऊन वाळत घातलंय. छपराएवढं पांढरं. घरात ज्या खिडकीतून बघावं तिथून तेच दिसतं.

१ ऑक्टोबर

लझरला हो म्हणून सांगायचं ठरवलंय. माझा हट्ट होता, माझ्यापाशीच राहू दे. म्हाताऱ्या माणसाला चिखलात लोळवलं मी, एका हसण्यासाठी.

पण दिसलं होतं ते. मी बघितलं!

४ ऑक्टोबर

सकाळी दारात तिजानीकाका. मी म्हटलं, काका, आम्ही नाही बोलावलं.

"तू नाही. त्यानं बोलावलंय, लझरच्या फोनवरून."

फर्जानी अंगणात ताठ बसलेला. नऊ दिवसांनी पहिल्यांदा सरळ बोलला, आणि तेही माझ्याशी नाही. "काका, हिची वाव घ्या."

"हात पसर, पोरी."

पसरले. कोंबड्यांसमोर, वाळत घातलेल्या शिडासमोर, बावळटासारखी उभी राहिले. काकांनी या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी धरली, ताणली, गाठ मारली. फर्जानी टक लावून बघत होता. इतक्या वर्षांत माझ्या हातांकडे त्यानं असं कधी बघितलं नव्हतं.

मग त्याच्या सूचना सुरू झाल्या! "हेच शीड छाटा, नवं कापड नको. पुढचं टोक वर उचलून कापा, हिला खालून समोरचं दिसलं पाहिजे. मधून दोऱ्यांची एक ओळ लावा, वारा वाढला तर अर्धं गुंडाळता येईल. परबाण बदला, बारीकशी लावा. आणि शिडाला मऊ दोर, हिनं हात बघा काय करून घेतलेत."

"लांबीला किती?" काकांनी विचारलं.

"हिच्या साडेतीन."

मी म्हटलं, "साडेतीन? रुमाल आहे का तो! दोन माणसं, वर पिंजरे, मासे. होडी जागची हलायची नाही."

"हलेल."

"अरे पण—"

"चहा टाक, बाई. काका उन्हातून आलेत."

चहा टाकला. आतून बघितलं तर दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. फर्जानी काही सांगत होता, काका मान हलवत होते, आधी नाही अशी आणि मग हो अशी. मी चहा नेला तर दोघंही गप्प.

काही का असेना. तो येणार! पुन्हा होडीत बसणार!

७ ऑक्टोबर

फळीला उशी शिवली. जाड, मागं टेकायला एक आणि बाजूला एक. कमरेला पट्टा. या वेळी घसरू देणार नाही. शिवताना गुणगुणत होते वाटतं, कारण फर्जानी म्हणाला, "काय झालंय तुला?"

११ ऑक्टोबर

शीड आलं. केवढंसं! अंगणात पसरलं तर खुराड्यापर्यंतही पोचलं नाही. पण उचलून बघितलं, एका हातानं उचललं. फर्जानीनं शिवणीचा टाका न् टाका तपासला. एके ठिकाणी काकांना पुन्हा टाके घालायला लावले. काका म्हणाले, "मी तुझ्या बापाचं शीड शिवलंय रे," आणि तरी पुन्हा घातले.

दुपारी लझर. कुंपण रोवून झालंय, आता पिंजऱ्यांचं काय ते बोला म्हणाला. मी काही बोलायच्या आत फर्जानी मोठ्यानं म्हणाला, "पिंजरे घरचेच उपसतील."

घरचेच! लझर उठून गेल्यावर मी कोठीत जाऊन रडून घेतलं. कोठीत अजून उंदरांचा भुसा आहे, तो झाडायचा राहिलाय.

१३ ऑक्टोबर

शुक्रवारची नमाज झाल्यावर चार जण त्याला भेटायला आले. सगळ्यांना शीड दाखवलं. एकानं विचारलं, "इतकं लहान?" फर्जानी म्हणाला, "पुरेल." आणि विषय बदलला. रफीकाला फोन करून सांगितलं, रविवारी बाबा होडीत बसणार. ती म्हणाली, फोटो काढ.

१५ ऑक्टोबर, रविवार

तो आला नाही.

उशी बांधून, बिस्मिल्ला म्हणून शीड चढवलं आणि त्याला घ्यायला हात पुढं केला. तो काठी टेकत पाण्यात घोट्यापर्यंत आला आणि थांबला. "हे शीड एकाच माणसाला ओढेल. मीच तिजानीकाकांना तसं कापायला सांगितलं."

"आणि तू?"

"मी होडीत असलो की तू माझ्याकडे बघतेस. शिडाकडे बघ." आणि धड हातानं होडी ढकलली.

मला समुद्र नको होता. मला तो हवा होता. पण होडी निघाली होती, आणि लगेच पळायला लागली. सुकाणूही मीच धरलं. जाताना शिडाकडेच बघितलं. पिंजरे उपसले, एकटीनं. येतानाही शिडाकडेच. किनाऱ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. म्हणजे, एकदाच बघितलं.